चक्कर व तोलाचे पुनर्वसन

आपण स्थिर असताना आपण किंवा भोवतालचे सगळे गरगर फिरत असल्याचा भास म्हणजे चक्कर. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा भोवळ येऊन पडणे हे प्रकार वेगळे. बोलण्यात मात्र सगळ्यांनाच चक्कर म्हणतात. म्हणून निदानाची सुरुवात ‘नेमके काय होते?’ या प्रश्नाने होते. चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाची दोन दिसू लागली, हातपाय लुळे पडले किंवा उभेच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.

डोळे, स्नायू-सांधे आणि आंतरकर्ण (कानाचा सर्वांत आतला भाग) यांच्याकडून येणाऱ्या खबरींचा मेळ घालून मेंदू तोल सांभाळतो. चक्करेचे मूळ कानात असू शकते, हे फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागचे निसटून डोक्याचे फिरणे टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की कूस बदलताच खोली फिरू लागते आणि सहसा मिनिटभरात थांबते. हे स्फटिक गोळ्यांनी हलत नाहीत. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेतात. अमेरिकी डॉक्टर जॉन एपली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही कृती अनेकांना एक-दोन बैठकांतच मोकळे करते.

एका कानाची तोलाची नस सुजून मंदावली, तर मात्र वाट लांबची असते. दोन्ही कानांच्या खबरी जुळत नाहीत आणि मेंदू त्या तफावतीलाच फिरणे समजतो. पहिले काही दिवस चक्कर दाबणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. पुढे त्या लांबवल्या, तर सुधारणा रेंगाळते. डोके हलले आणि नजरेसमोरचे चित्र सरकले, तरच मेंदूला आपली चूक कळते व तो हिशेब नव्याने मांडतो. म्हणजे जी हालचाल नकोशी वाटते, तीच औषध ठरते. चक्कर आलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नाही. मान ताठ धरून, डोळे मिटून पडून राहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

१९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी चढत्या क्रमाचे व्यायाम आखले. हेच तोलाचे पुनर्वसन. समोर धरलेल्या अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे फिरवायची, अक्षर पुसट होऊ द्यायचे नाही. मग पाय जुळवून उभे राहणे, पुढे उशीवर, शेवटी डोळे मिटून. भिंत मात्र हाताशी हवी. व्यायामाने थोडे गरगरणे अपेक्षितच असते. ते थोड्या वेळात शमले नाही, तर वेग कमी करावा. सुधारणेला आठवडे लागतात, कधी महिने.

या काळात गर्दी, सरकती चित्रे, दुकानांतल्या लांबच लांब मांडण्या यांनी डोके गरगरते, कारण मेंदू डोळ्यांवर नको तितका विसंबलेला असतो. अंधारात तोच आधार सुटतो, म्हणून रात्री उठताना दिवा लावावा. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांना हे ढोंग किंवा निव्वळ भीती वाटते. हा गैरसमज रुग्णाला चक्करेइतकाच खचवतो. ताप, जागरण किंवा अतिश्रमांनंतर जुनी चक्कर पुन्हा डोके वर काढते. कानात नवे काही बिघडले नसेल, तर विश्रांती घेऊन तेच व्यायाम पुन्हा सुरू करतात.