कृष्णाकाठच्या काळ्या रानात ओलाव्याचा सेन्सर का चुकतो

जमिनीत खोचायचा कुठलाही स्वस्त ओलावा सेन्सर घ्या, त्याला पाणी दिसत नाही. तो विजेचा एखादा गुणधर्म मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. हा अंदाज कुठल्या मातीवर बसवलाय, यावर सगळं ठरतं. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या भारी काळ्या आणि जागोजाग क्षारपड झालेल्या रानांवर तो सहसा बसवलेला नसतो. त्यामुळे तासगावच्या एखाद्या हलक्या रानात बरा चालणारा सेन्सर नदीकाठच्या उसात काहीही आकडे दाखवू लागतो, आणि शेतकरी तो काढून अडगळीत टाकतो.

सर्वांत स्वस्त प्रकार दोन दातांचा. एका दाताकडून दुसऱ्याकडे मातीतून किती वीज वाहते, एवढंच तो पाहतो. पण शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही, ती वाहते त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणजे दोन सारख्या ओल्या रानांपैकी जे जास्त क्षारयुक्त, ते या सेन्सरला जास्त ओलं दिसतं. शिवाय त्याला सतत डीसी पुरवठा दिला की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं आणि धन बाजूचा दात झिजत जातो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला हा ठीक आहे. रानात लावूच नये.

दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह. मोबाइलच्या पडद्याला बोट कळतं किंवा नव्या गाड्यांना चालकाचा हात स्टिअरिंगवर आहे का हे कळतं, ते याच तत्त्वावर. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये विद्युतभार किती साठतो, हे त्यांच्या आसपासच्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर अवलंबून असतं. हवेचा हा आकडा १, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि पाण्याचा जवळपास ८०. फरक एवढा मोठा असल्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी मोजमाप हलतं. कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अॅनन यांनी १९८० मध्ये या स्थिरांकावरून ओलाव्याची टक्केवारी काढायचं समीकरण मांडलं आणि ते आजही वापरात आहे. मात्र त्यांचं मोजमाप फार उच्च वारंवारतेचं होतं आणि भारी चिकणमातीत त्यांचंही समीकरण सरकतं.

वारंवारता हाच इथला कळीचा मुद्दा. बाजारात मिळणारा स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे काळी, चपटी पट्टी. ती ५५५ टायमर या स्पंदनं तयार करणाऱ्या चिपवर चालते आणि तिची वारंवारता दीड मेगाहर्ट्झच्या आसपास असते. चांगले शेती सेन्सर ७० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वर काम करतात. वारंवारता कमी असली की मातीतल्या क्षारांची वाहकता भारसाठ्याच्या मोजमापात मिसळते. माती परीक्षणाच्या अहवालात विद्युत वाहकतेचा आकडा असतो, तो इथे उपयोगी पडतो. १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर स्वस्त पट्टी निदान कल तरी दाखवेल. त्याच्या वर गेला तर उच्च वारंवारतेचा सेन्सर किंवा पुढे सांगितलेला ताण मोजणारा प्रकार घ्यावा.

क्षाराची ढवळाढवळ आलेखावर ओळखता येते. पाण्याची वाहकता दर अंश सेल्सिअसला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. म्हणून पाणी दिलेलं नसताना दुपारी ओलावा चढतोय आणि पहाटे उतरतोय असं रोज दिसत असेल, तर ते तापमान आणि क्षार आहेत, पाणी नाही. स्वस्त पट्टीचे स्वतःचे घटकही उन्हाने थोडे सरकतात. साधा उपाय म्हणजे रोज पहाटे एकाच वेळेचा आकडा धरायचा, दुपारचे सोडून द्यायचे. ठिबकमधून खत सोडल्यावरही असाच घोटाळा होतो. पांढरं पोटॅश किंवा अमोनियम सल्फेट सोडलं की आकडा उडी मारतो. युरिया सोडल्यावर लगेच तसं होत नाही, कारण विरघळलेल्या युरियाचे आयन होत नाहीत.

क्षारापेक्षाही जास्त फसवते ती भेग. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पट्टीपासून सुटते. पट्टीचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला लागून सर्वांत तीव्र असतं, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरची हवेची फट पडली तरी सेन्सर 'कोरडं' म्हणतो, भले दोन बोटं पलीकडे वापसा (ना चिखल, ना कोरडं, अशी योग्य ओल) असो. उलटही होतं. भेगेतून पाण्याचा लोट थेट पट्टीपर्यंत उतरतो आणि बाकीचं रान तहानलेलं असताना आकडा पूर्ण भरतो.

म्हणून सेन्सर पुरण्याची पद्धत त्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. रान वापशावर असताना लहान खड्डा घ्यावा आणि त्याच्या न हललेल्या भिंतीत पट्टी आडवी, धार वर करून खोचावी. पट्टी आडवी-सपाट ठेवली तर तिच्यावर पाणी साचतं. पहार ठोकून भोक पाडू नये, कडेची माती दाबली जाते. जागा सैल वाटली तर त्याच मातीचा घट्ट चिखल भरावा, पातळ नको, तो वाळताना आकसतो. खड्डा भरताना ज्या थराची माती त्याच थरात टाकावी आणि पायाने हलकी दाबावी. त्यानंतर पाण्याच्या दोन-तीन पाळ्या होईपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवू नये. ठिबक असेल तर ड्रीपरपासून १५ ते २० सेंटिमीटरवर एक सेन्सर २० सेंटिमीटर खोल, दुसरा त्याच जागी ४५ सेंटिमीटर खोल. कृष्णाकाठी मला खालचा जास्त कामाचा वाटतो. प्रत्येक पाळीनंतर तोही चढत असेल, तर पाणी मुळांच्या खाली जातंय आणि सोबत खत नेतंय. निचरा नसलेल्या रानात असंच चालू राहिलं की भूजल वर येतं आणि मागे क्षार ठेवून जातं.

पट्टी विकत घेतानाच पाहण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. चिपवर टीएलसी-५५५ लिहिलेलं हवं. एनई-५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि बोर्डवरचा रेग्युलेटर ३.३ व्होल्टच देतो, मग आकडे भरकटतात. दुसरं, काही बोर्डांवर आउटपुटकडचा एक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. पट्टी पाण्यातून काढून पुसल्यावर आकडा लगेच न बदलता सावकाश सरकत राहिला, तर हा दोष समजावा. आउटपुट आणि ग्राउंड यांमध्ये तेवढाच रेझिस्टर डाखला की काम होतं. तिसरं, पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथून पाणी आत शिरतं आणि काही आठवड्यांत शून्य-बिंदू सरकतो. कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि वरचे घटक इपॉक्सी भरलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद करावेत.

कॅलिब्रेशन घरी करता येतं. रानातली साधारण सहा किलो माती वाळवून, ढेकळं फोडून चाळून घ्यावी. उन्हात वाळलेल्या काळ्या मातीतही काही टक्के पाणी उरतं, म्हणून तिचा नमुना १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवून, आधीचं-नंतरचं वजन करून ते पाणी हिशोबात धरावं. एक लिटरच्या डब्यात १.२ किलो कोरडी माती बसवली, तर त्यात मिसळलेलं प्रत्येक १०० मिलिलिटर पाणी म्हणजे घनफळाने १० टक्के ओलावा. १०, २०, ३०, ४० टक्क्यांचे नमुने मळून रात्रभर बंद पिशवीत ठेवावेत, मग प्रत्येक नमुना त्याच डब्यात त्याच घनफळाला दाबून आकडा नोंदवावा. ओली काळी माती फुगते, नेमकी तेवढ्यात बसत नाही. तिथे दोन-चार टक्के चूक राहणारच, ती मान्य करावी.

आता टक्केवारीचाच प्रश्न. आकडा बरोबर आला तरी तो पिकाला काय सांगतो? भारी काळ्या मातीत २५ टक्के ओलावा म्हणजे पीक सुकायच्या वाटेवर, कारण चिकणमाती उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवते. आटपाडी-जतकडच्या मुरमाड जमिनीत किंवा माण-खटावच्या माळावर तेच २५ टक्के म्हणजे नुकतंच पाणी दिलंय. मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो, म्हणजेच ताण, हे मोजणारी साधनं म्हणून वेगळी आहेत. टेन्सिओमीटर पाण्याने भरलेला, टोकाला सच्छिद्र सिरॅमिक असलेला. तो सुमारे ८० सेंटिबारपर्यंत (हे ताणाचं एकक, आकडा जितका मोठा तितकं रान कोरडं) चालतो, पुढे आत हवा शिरते. दाणेदार मॅट्रिक्सचे सेन्सर, म्हणजे आतल्या दाणेदार भरावाची ओल विजेने मोजणारे, २०० सेंटिबारपर्यंत जातात. त्यांच्या आत जिप्समची वडी असते आणि ती मध्यम क्षारांचा परिणाम झाकते. त्यांना एसी संकेत द्यावा लागतो, डीसीने तेही बिघडतात. सेंटिबारमधली ढोबळ मापं अशी: १० च्या खाली रान चिंब, १० ते ३० पुरेसं ओलं, ३० ते ६० म्हणजे बहुतेक जमिनींत पाणी द्यायची वेळ, भारी चिकणमातीत ६० ते १००. क्षारपड रानात हेही अपुरं, कारण क्षारांचा ओढा या मापात येत नाही. तिथे पाणी थोडं लवकर द्यावं.

उसात आणखी एक अडचण उभी राहते, ती उसाचीच. ओल्या पानांच्या दहा-बारा फुटी भिंतीत वाय-फाय लवकर दम सोडतं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचा लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) बरा पोचतो, पण अँटेना उसाच्या शेंड्यावर हवी आणि सौर पॅनेलही. लागणीला उघड्यावर असलेलं पॅनेल पाच-सहा महिन्यांत सावलीत जातं. सेन्सर वाचायला वापरतात त्या ईएसपी-३२ या वाय-फायवाल्या छोट्या नियंत्रकाची चिप झोपेत फार थोडी वीज खाते, डेव्हलपमेंट बोर्डवरचा रेग्युलेटर आणि दिवा मात्र बॅटरी संपवतात. वाय-फाय वापरत असाल तर सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिनांपैकी एकीवर जोडावा, एडीसी-२ च्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना त्या वेळी वाचता येत नाहीत. लांब वायरीवरून अॅनालॉग व्होल्टेज आणू नये. मोटर सुरू होताना त्यात गोंगाट शिरतो. आकडे सेन्सरजवळच डिजिटल करून आरएस-४८५ ने (लांब वायरीवरून डिजिटल आकडे पाठवायची पद्धत) आणावेत.

मोटर थेट सेन्सरवर बांधायचा मोह होतो. एका सेन्सरवर तर बांधूच नये, एखादी भेग पडली की मोटर रात्रभर चालेल. किमान तीन जागी सेन्सर ठेवून मधला आकडा घ्यावा आणि त्याशिवाय मोटरला जास्तीत जास्त वेळेची मर्यादा घालावी. शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच असते, म्हणून उंबरठा (पाणी द्यायचा ठरवलेला आकडा) गाठायची वाट पाहून चालत नाही. रोजचा उतार किती, हे आलेखावरून काढायचं आणि पुढच्या वीजपाळीपर्यंत आकडा उंबरठ्याखाली जाणार असेल तर आत्ताच पाणी द्यायचं.