आहार-व्यायामाचा नेम आणि झपाटलेपण: फरक कुठे पाहायचा

पहाटे साडेपाचला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये पळायला येणाऱ्या दोन बायका डोळ्यांपुढे आणा. दोघींच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे, दोघींनी साखर सोडली आहे, दोघी रात्री आठच्या आत जेवतात. पळून झाल्यावर ग्रुप तर्री पोह्यांच्या ठेल्याकडे वळतो तेव्हा दोघीही नको म्हणतात. पहिलीला खरंच नको असतं, घरी नाश्ता ठरलेला असतो. ती सगळ्यांबरोबर चहा घेते, गप्पा मारते आणि निघते. दुसरीला ते पोहे इतके हवे असतात की ठेल्यापाशी थांबायचीही तिला भीती वाटते, म्हणून ती काहीतरी कारण सांगून आधीच सटकते. लोक कौतुक मात्र दोघींचं सारखंच करतात. मला काळजी वाटते ती याचीच. दुसरीला मदत हवी असते आणि मिळते शाबासकी.

मी लोकांना आहाराचा सल्ला देण्याचं काम करते. पहिल्या प्रकारची माणसं माझ्याकडे स्वतःहून येतात, दुसऱ्या प्रकारच्यांना बहुतेकदा कोणीतरी घेऊन येतं. "ताई, पोरगी धड जेवूनच नाही राहिली," असं आई सांगते. पोरगी शांतपणे म्हणते, "मी सगळं हेल्दी खाते." दोघीही खरंच बोलत असतात.

व्यायामाचे तास आणि ताटातल्या पोळ्या मोजून हा फरक कळत नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलात सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास घाम गाळणारा खेळाडू अगदी ठणठणीत असू शकतो. त्याच्यामागे प्रशिक्षक असतो, स्पर्धांचं वेळापत्रक असतं, विश्रांतीचा दिवस आधीच ठरलेला असतो आणि खाणं मेहनतीच्या हिशेबाने वाढवलेलं असतं. उलट घराच्या गच्चीवर रोज पाऊण तास दोरीच्या उड्या मारणारी मुलगी पुरती अडकलेली असू शकते. वजनाचंही तसंच. अडकलेलं माणूस हाडं दिसण्याइतकं बारीकच असतं असं नाही. वजन अगदी बेताचं, किंवा थोडं जास्तही असतं, आणि म्हणूनच घरच्यांना शंका येत नाही.

नेम चालू असताना दोघांत काही वेगळं दिसत नाही. तो मोडतो त्या दिवशी बघा. घरात कोणाला ताप येतो, भावाचं लग्न निघतं, पाय मुरगळतो. नेमाने व्यायाम करणाऱ्याला थोडी चुटपुट लागते, दोन दिवस अंग जड वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तो बूट घालून बाहेर पडतो. राहिलेलं राहिलं. झपाटलेल्या माणसासाठी मात्र चुकलेला दिवस कर्ज होऊन बसतो आणि ते कर्ज त्याच रात्री फेडावं लागतं.

एका तरुणाने मला मोबाइलमधली त्याची रोजची नोंद दाखवली होती. मावशीकडे वास्तुशांतीला त्याने अर्धी संत्रा बर्फी खाल्ली होती. उरलेली अर्धी त्याने कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातली, कारण टाकताना कोणी पाहिलं असतं तर आग्रह झाला असता. त्या नोंदीसमोर लिहिलं होतं: रात्री साडेअकरा, जिना, खाली-वर, साठ वेळा. गुडघा आधीपासूनच दुखत होता. मी विचारलं, "पन्नासला थांबला असतास तर?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "झोपच नसती आली, ताई." आवडीने व्यायाम करणारं माणूस असं उत्तर देत नाही. वास्तुशांतीत कोण भेटलं, मावशी काय म्हणाली, हे त्याला फारसं आठवतही नव्हतं. बर्फी मात्र ग्रॅममध्ये आठवत होती.

ही अडकण अभ्यासकांच्या ध्यानात येऊन बराच काळ झाला. फ्रेडरिक बेकलँड नावाच्या अमेरिकन संशोधकाला व्यायाम बंद केल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते तपासायचं होतं. त्याचं काम १९७० साली प्रसिद्ध झालं. जवळजवळ रोज व्यायाम करणारे लोक त्याला पैसे देऊनही मिळेनात, कारण महिनाभर थांबायला ते तयारच होईनात. शेवटी आठवड्यात तीन-चार दिवस करणाऱ्यांवर त्याला भागवावं लागलं. पुढे २००३ मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एक आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींशी जुळवून घेणारा, दुसरा माणसालाच ताब्यात घेणारा. क्युबेकच्या हिवाळ्यात निसरड्या, बर्फाळ रस्त्यांवरही सायकल चालवत राहणाऱ्यांमध्ये हा दुसरा ध्यास जास्त दिसला, असं त्यांना आढळलं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण नवतपा आहे, म्हणजे उन्हाच्या कडाक्याचे नऊ दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो तेव्हा नेमाने पळणारी माणसं वेळ पहाटेवर आणतात, अंतर कमी करतात, फार झालं तर पंधरा दिवस घरातच योगासनांवर भागवतात. अशा दिवसांत सकाळी जमलं नाही म्हणून दुपारी तीनला कोणी सेमिनरी हिल्सचा चढ चढायला निघालं, तर त्याला 'जिद्दी' म्हणू नका. त्याला उष्माघात होऊ शकतो. आणि जो धोका त्याला दुसऱ्यासाठी सहज कळला असता तो स्वतःपुरता कळेनासा झाला आहे.

खाण्याच्या बाबतीत ओळखणं आणखी अवघड जातं, कारण आपल्या घरांत खाण्याचे नियम जागोजाग असतात. कोणी चातुर्मासात कांदा-लसूण सोडतं, कोणी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरतं, जैन घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात. मधुमेह असलेले काका वाटीने भात मोजून घेतात आणि ते योग्यच आहे. यातला कोणताही नियम मुळात आजार नाही. या नियमांचं कारण आणि हद्द दोन्ही सगळ्यांना माहीत असतात. चातुर्मास संपतो, नवरात्र उठतं, काकांची साखर आटोक्यात आली की डॉक्टर थोडी ढील देतात.

झपाटलेल्या माणसाचे नियम नुसते वाढत जातात. आधी साखर जाते, मग मैदा, मग तळलेलं, मग तेलच, मग पोळी, मग बाहेरचं सगळं, आणि शेवटी आईच्या हातचं वरणही, कारण फोडणीत किती तेल पडलं ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. नवा नियम आला की थोडे दिवस बरं वाटतं. मग तेवढा पुरेनासा होतो. उपासही अशा वेळी आडोसा होतात. घरात कोणी करत नसताना मुलगी अचानक सोमवार, गुरुवार, एकादशी असं सगळं धरू लागली आणि साबुदाण्याच्या खिचडीलाही हात लावेनाशी झाली, तर तिची श्रद्धा वाढली एवढंच धरून चालू नका.

शुद्ध, आरोग्यदायी खाण्याच्या या अशा पछाडण्याला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरने १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. तो स्वतः त्यातून गेलेला होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत हा स्वतंत्र आजार म्हणून नाही. ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणं) आणि बुलिमिया (अधाशासारखं खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकणं) मात्र आहेत, आणि आपण अजून पुरेसे पिळदार नाही या समजाने जिममध्ये झिजणाऱ्या तरुणांची अवस्थाही तिथे शरीराच्या प्रतिमेशी निगडित विकाराचा एक प्रकार म्हणून नोंदलेली आहे. मुलग्यांकडे या बाबतीत फारच कमी लक्ष जातं. पोरगं व्यसनात नाही, जिमला जातं, यातच घरचे खूश असतात.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतावर भरीत-रोडग्यांच्या पार्ट्या होतात. तिथे कोणी स्वतःचा डबा आणला म्हणून लगेच काळजी करू नका. डबा आणणारी बाई जाळाशी बसून रोडगे भाजू लागली, हसली, भरताचा एक घास चाखला आणि तिखट आहे म्हणाली, तर तिचं छान चाललं आहे. डबा उघडायला बाजूला जाऊन बसली, दुसऱ्यांच्या पानांकडे सारखं बघत राहिली, सगळ्यांना आग्रहाने वाढलं आणि स्वतः काही घेतलं नाही, तर लक्ष ठेवा. दुसऱ्यांना भरपूर खाऊ घालण्याची ही हौस उपाशी माणसांमध्ये पुष्कळदा दिसते.

अशा माणसाला घरचे हट्टी ठरवतात, म्हणून मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवलं. शरीराने आणि मनाने धडधाकट अशीच मुलं निवडली होती. चोवीस आठवडे त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं आणि चालणं मात्र चालूच ठेवावं लागलं. वजन साधारण चतुर्थांशाने उतरलं, नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली. आणि मन? ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, स्वप्नात जेवणं बघू लागली, एक ताट पुरवून पुरवून तास-दोन तास खाऊ लागली, ताटल्या चाटू लागली. मित्रांत आणि शिक्षणात रस उरला नाही, चिडचिड वाढली. यातल्या कोणालाही बारीक व्हायचं नव्हतं, तरी त्यांची डोकी अन्नाने भरून गेली.

म्हणजे झपाटलेपणाचा बराच भाग भूकच तयार करते. जेवण कमी झालं की विचार अन्नाभोवती फिरू लागतात. त्या विचारांची भीती वाटून नियम आणखी कडक होतात आणि जेवण आणखी कमी होतं. आणि हे सगळं ताकद घालवणारं असूनही माणसाला त्यात स्वतःवर ताबा असल्यासारखं वाटतं. अशा माणसाला "मनाने घे, खा जरा" असं सांगून काही होत नाही.

शरीराच्या खुणाही फसवतात. नाडीचंच घ्या. अनेक वर्षं पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी त्याची नाडी पन्नासच्या आसपास असू शकते. अपुरं खाणाऱ्याच्या घड्याळावरही तोच आकडा दिसतो, पण त्याचं शरीर उरलेली शक्ती वाचवायला सगळंच मंद करत असतं. दोघेही तो आकडा अभिमानाने स्टेटसला टाकतात. हात-पाय गार पडणं, उठताना चक्कर येणं, केस गळणं हे सोबत असेल तर ईसीजी काढून घ्यावा.

दुसरी खूण पाळीची, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. "खेळणाऱ्या मुलींची पाळी जातेच" हे चुकीचं आहे. नियमित पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. शरीराला मेहनतीच्या मानाने अन्न पुरत नाही तेव्हा ते हा खर्च आधी बंद करतं, आणि त्याबरोबर हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे खेळाडूंमधली ऊर्जेची तूट म्हणून लक्ष वेधलं आणि ती पुरुषांनाही होते हे स्पष्ट केलं. विशी-पंचविशीत नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला पुन्हा पुन्हा बारीक तडे जात असतील तर नुसतं प्लास्टर पुरत नाही, ताटात काय येतं तेही कोणीतरी विचारायला हवं.

घरच्यांनी बोलायचं कसं? शरीरावर बोलू नये. "किती वाळलीस गं!" हे ऐकून आपल्याला वाटतं ती सावध होईल, पण तिच्या कानाला ते पदक मिळाल्यासारखं लागतं. "तब्येत सुधारली" हे तर त्याहून वाईट लागतं. जे दिसलं ते सांगावं: "या महिन्यात तू एकदाही आमच्यासोबत जेवायला बसली नाहीस. मला तुझी आठवण येते." जेवणाच्या वेळी हा विषय काढू नये. आणि फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसापुढे घाबरून एकदम भरलेलं ताट ठेवू नये, कारण अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट (शरीराला लागणारा एक क्षार) झपाट्याने उतरून हृदयावर बेतू शकतं. वजन खूप उतरलं असेल तर खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं असतं.

नागपुरात यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे जायला कोणी तयार नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि आजारी माणसाच्या वतीने घरचेही विचारू शकतात. इलाजात मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ तिघेही लागतात. माझ्यासारखी एकटी आहारतज्ज्ञ नुसता डाएट चार्ट बदलून हे बरं करू शकत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर दुसरीकडे जा.

बरं व्हायला लागलेली मुलं हमखास विचारतात, मी पुन्हा कधीच पळायचं नाही का? पळता येतं. आधी वजन आणि नाडी जागेवर यावी लागते, मुलींची पाळी परतावी लागते, जेवण ठरल्या वेळी होऊ लागावं लागतं. मग सुरुवात घड्याळाशिवाय आणि कोणाच्या तरी सोबतीने करायची. विश्रांतीचा दिवस डॉक्टर ठरवतात, आणि त्या दिवशी न पळणं हाही इलाजाचाच भाग असतो.