पंख: काम एक, घडणी अनेक

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुण्याच्या आकाशात एकाच वेळी कितीतरी प्रकारचे पंख कामाला लागलेले असतात. मुठेच्या पात्रावर घारी घिरट्या घालतात, लोहगावच्या दिशेने विमाने उतरत असतात, दिवेलागणीला मोठी वटवाघळे वड-उंबरांच्या फळांकडे निघतात आणि रस्त्याकडेच्या महोगनीचे बी गरगरत खाली येते. या पंखांचा पूर्वज एक नाही. हवेने घातलेली अट मात्र सर्वांना सारखीच आहे, आणि ती प्रत्येकाने आपल्याजवळ असलेल्या सामग्रीतून पूर्ण केली आहे.

स्वतःच्या बळावर उडण्याची क्षमता प्राण्यांमध्ये चार वेळा, स्वतंत्रपणे निर्माण झाली. सर्वांत आधी उडू लागले ते कीटक. पंख असलेल्या कीटकांचे सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म उपलब्ध आहेत. त्यानंतर आज नामशेष झालेले टेरोसॉर हे उडणारे सरीसृप, मग पक्षी आणि अखेरीस वटवाघळे असा हा क्रम आहे. वटवाघळांचे सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे, जवळजवळ संपूर्ण सांगाडे अमेरिकेतील वायोमिंग राज्यात सापडले आहेत. टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघूळ या तिघांचाही पंख म्हणजे मुळात पुढचा पाय. आपल्या दंडाची, कोपरापुढची आणि मनगटाची हाडे त्यात ओळखता येतात. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. टेरोसॉरच्या पंखाचे कातडे अतिशय लांबलेल्या एकाच, म्हणजे चौथ्या बोटावर ताणलेले होते. वटवाघळाने चारही बोटे लांबवून त्यांच्यामध्ये कातडे पसरले आणि अंगठा नखासह मोकळा ठेवला, जो फांदीवरून सरकताना त्याच्या उपयोगी पडतो. पक्ष्यांची बोटे कमी होऊन एकमेकांत मिसळली आणि पंखाचा विस्तार पिसांनी साधला. कीटकाच्या पंखात तर हाडही नाही आणि स्नायूही नाहीत. शिरांवर तोललेला, कायटिन या कठीण पदार्थाचा पापुद्रा एवढेच त्याचे स्वरूप असून त्याला हलवणारे स्नायू छातीच्या आत असतात.

घारीचे गळून पडलेले पीस कधी सापडले तर ते उजेडात धरून पाहावे. मधल्या दांड्याच्या एका बाजूचा पडदा अरुंद आणि दुसऱ्या बाजूचा रुंद दिसला, तर ते पंखाच्या टोकाकडचे पीस आहे. उडताना त्याची अरुंद, ताठ कड पुढे राहते. दांड्यातून तिरके फुटलेले असंख्य धागे आणि त्या धाग्यांवरचे अतिसूक्ष्म आकडे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे हा पडदा हवा सहजासहजी आरपार जाऊ देत नाही. बोटाने तो फाडला तरी पुन्हा हलकेच ओढून जुळवता येतो, पिशवीची चेन लावावी तसा. पक्षी चोचीने पिसे साफसूफ करताना हेच काम दिवसभर करत असतो. वटवाघळाचा पडदा फाटला तर तो भरून येण्यासाठी जखम बरी होण्याची वाट पाहावी लागते. पक्ष्याला मात्र नवे पीस येते.

आता त्या अटीकडे वळू. हवेत टिकून राहायचे असेल तर हवेला सतत खाली ढकलावे लागते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढ्याच जोराने हवा पंखाला वर ढकलते. पंख पुढची कड किंचित उचलून हवेतून सरकतो तेव्हा त्याच्या वरून आणि खालून जाणारी हवा वळून खालच्या दिशेने बाहेर पडते. याच घटनेत पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त राहतो, म्हणून दाबाच्या भाषेत सांगितले तरी हिशेब तोच येतो. चुकीचे आहे ते एक लोकप्रिय स्पष्टीकरण, जे आजही अनेक ठिकाणी शिकवले जाते: पंखाचा वरचा भाग फुगीर असल्याने वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, आणि खालच्या हवेला मागच्या कडेपाशी वेळेवर गाठण्यासाठी ती वेगाने धावते. हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटावे असे कोणताही नियम सांगत नाही. हवेचा झोत सोडणाऱ्या प्रयोगशाळेतील बोगद्यात (विंड टनेलमध्ये) धुराच्या रेषा सोडून पाहिले असता वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी मागे पोहोचते, असे दिसते. हे स्पष्टीकरण खरे असते तर कागदाचे सपाट विमान उडाले नसते आणि कसरतीची विमाने उलटी होऊन उडू शकली नसती. मुलांना हे सोपे करून सांगण्याच्या नावाखाली चुकीचे सांगू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण बरोबर स्पष्टीकरणही काही कठीण नाही.

पंखाचा कोन वाढवत नेला की वर ढकलणारे बल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. साधारण १५ अंशांच्या आसपास वरची हवा पंखाचा पृष्ठभाग सोडून देते आणि ते बल एकाएकी घटते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. फांदीवर उतरणारा पक्षी ही वेळ पुढे ढकलण्यासाठी अंगठ्यावरचा छोटासा पिसांचा झुबका उचलतो.

खालचा जास्त दाब पंखाच्या टोकाला वळसा घालून वर येऊ पाहतो आणि तेथे भोवरा तयार होतो, ज्यात ऊर्जा वाया जाते. पंख लांब आणि अरुंद असेल तर हा तोटा कमी होतो, म्हणूनच हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमधील इंजिनविरहित ग्लायडरांचे पंख तसे असतात. घारीला इतके लांब पंख परवडणारे नाहीत, कारण तिला झाडांमधून आणि विजेच्या तारांमधून वाट काढायची असते. तिच्या रुंद पंखाच्या टोकाची पिसे बोटांसारखी फाकतात आणि एका मोठ्या भोवऱ्याऐवजी लहान-लहान भोवरे होऊन नुकसान घटते. लोहगावला येणाऱ्या अनेक एअरबस ए-३२० विमानांच्या पंखांची टोके सुमारे २.४ मीटर वर वळलेली दिसतात, तीही याच भोवऱ्याला आवर घालण्यासाठी.

कीटकांच्या बाबतीत स्थिर पंखाचा हा हिशेब अपुरा पडतो. त्यांचे पंख इतके लहान असतात आणि इतक्या मोठ्या कोनात फिरतात, की विमानाच्या नियमाने ते स्टॉल व्हायला हवेत. १९९६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी धुराच्या साह्याने दाखवून दिले, की पतंगाच्या फडफडणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक भोवरा तयार होतो आणि पंखाला चिकटून राहून त्याला वर खेचतो. पावसाळ्यानंतर टेकड्यांवर थव्याने दिसणारे पिवळसर चतुर तर चारही पंख वेगवेगळे चालवू शकतात. त्यांतील ग्लोब स्किमर ही जात भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत जाते.

पुढच्या कडेवरचा तसाच भोवरा २००९ साली मेपलच्या गरगरत पडणाऱ्या बियांवरही आढळला. आपल्याकडची महोगनीची बी याच घडणीची आहे: लाकडी फळ तडकले की आतील बिया सुटतात, प्रत्येकीच्या एका टोकाला जड दाणा आणि त्याला जोडून लांबट, तपकिरी, एका कडेला जाड असा पंख. वजन एका बाजूला असल्यामुळे पडता-पडता ती आपोआप फिरू लागते आणि पडण्याचा वेग मंदावतो. जमिनीवर येण्यास जितका उशीर, तितके वाऱ्याला तिला आईच्या सावलीपासून दूर नेण्यास अधिक अवकाश. वावळीचे गोल, कागदासारखे फळ फिरत नाही, नुसते तरंगत जाते, तरी हेतू तोच.

फिरणाऱ्या पंखाचे हेच तत्त्व सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरलेले आहे. त्यांचे पाते वाऱ्याच्या धक्क्याने मागे ढकलले जात नाही, तर विमानाच्या पंखाप्रमाणे बल निर्माण करून स्वतःला आडवे ओढते. पात्याचे टोक मुळापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरत असल्यामुळे त्याला वारा जवळजवळ समोरून, फिरण्याच्या दिशेकडून लागतो, तर मुळाशी तो पुष्कळसा बाजूने लागतो; म्हणून प्रत्येक ठिकाणी हवेशी योग्य कोन राखण्यासाठी पाते मुळापासून टोकापर्यंत पीळ देऊन घडवलेले असते.