ड्रुपल ७ : चौदा वर्षांचा मुक्काम

ड्रुपल हे वेबसाइट बांधायचं आणि चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. ५ जानेवारी २०११ रोजी आलेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीचा, म्हणजे ड्रुपल ७ चा, अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. खरं तर तो नोव्हेंबर २०२१ मध्येच संपायचा होता. कोविडमुळे तारीख वर्षभर पुढे गेली, मग २०२३ पर्यंत आणि शेवटी २०२५ पर्यंत. इतकं होऊनही शेवटच्या दिवशी लाखाहून जास्त साइट्स ७ वरच होत्या. याचं खापर आळशी साइटमालकांवर फोडणं सोपं आहे, पण या दिरंगाईचं मूळ ड्रुपलच्या एका जुन्या धोरणात आहे.

बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल खुलं केलं. पुढे प्रकल्पाचा दंडक ठरत गेला : तुमचा डेटा आम्ही सांभाळू, जुना कोड मात्र नव्या आवृत्तीत चालेलच याची हमी नाही. त्यामुळे आवृत्ती बदलली की मॉड्यूल्स (जादा सोयी देणारे कोडचे जोडभाग) नव्याने लिहावी लागत आणि थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) दुरुस्त करावी लागे. ५ वरून ६, ६ वरून ७ हा प्रवास कटकटीचाच होता. तरी डेटाबेस तोच राही. अपडेटची स्क्रिप्ट चालवली की टेबलं जागच्या जागी बदलत. बॅकअप घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि बटण दाबायचं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ने ही सोयही संपवली. जवळपास पाच वर्षं खपून गाभा नव्याने बांधला होता. सिम्फनी या पीएचपी चौकटीचे घटक आले, पानांच्या टेम्पलेटसाठी ट्विग ही भाषा आली, सेटिंग्ज डेटाबेसमधून यॅमल या साध्या मजकुराच्या फायलींत काढता येऊ लागल्या. रचनेत इतका फरक पडला की जुना डेटाबेस जागेवर बदलणं शक्यच नव्हतं. मग डेटा हलवणारं मायग्रेट मॉड्यूल कोअरमध्ये, म्हणजे ड्रुपलच्या गाभ्यात, घेतलं गेलं. आता नवी कोरी साइट शेजारी उभी करायची, जुन्या डेटाबेसमधून एकेक नोंद वाचायची, हवी तशी बदलायची आणि नव्या जागी लिहायची. हे अपग्रेड नव्हे, घर बदलणं होतं. मजकूर, सभासद, वर्गीकरण, फायली येत. थीम, स्वतः लिहून घेतलेली मॉड्यूल्स आणि व्ह्यूज या मॉड्यूलमध्ये रचलेल्या याद्या मात्र नव्याने कराव्या लागत. छोट्या संस्थेला याचा खर्च नव्या साइटइतकाच येई, आणि मंजुरी मागताना ‘साइट तर चालू आहे’ या वाक्याला उत्तर नसे.

हा बदल सगळ्यांना मान्य नव्हताच. काही जणांनी २०१३ मध्येच ७ चा कोड घेऊन बॅकड्रॉप नावाची वेगळी वाट धरली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत, पवईच्या आयआयटीत, ड्रुपलकॉन एशिया ही ड्रुपलवाल्यांची परिषद भरली. ड्रीस स्वतः आले होते, ८ नवंकोरं होतं. संमेलन २१ तारखेला आटोपलं आणि २४ ला ड्रुपल ६ चा सपोर्ट थांबला. म्हणजे त्या आठवड्यात ६ वाल्यांपुढे दोन वाटा होत्या : ओळखीचं ७ किंवा अनोळखी ८. अनेक मॉड्यूल्स ८ साठी तयारच नसल्याने ७ निवडणं तेव्हा शहाणपणाचंच होतं.

मराठी-इंग्रजी साइट्सचा एक वेगळाच पेच होता. ७ मध्ये भाषांतराच्या दोन पद्धती होत्या. एकीत मराठी पान आणि इंग्रजी पान या दोन स्वतंत्र नोंदी असत, प्रत्येकीला आपापला क्रमांक. ८ मध्ये एकच नोंद आणि तिच्या पोटात भाषा. स्थलांतरात दोन नोंदींची एक झाली की एक क्रमांक गळतो आणि त्या क्रमांकावर बांधलेले दुवे लटकतात. जुने दुवे नव्या पत्त्यांकडे वळवण्याचं (रिडायरेक्टचं) हे काम अंदाजपत्रकात सहसा कुणी धरत नाही.

जिथे होतो तिथेच राहिलो तर काय बिघडतं? ऑक्टोबर २०१४ मध्ये ७ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे बाहेरच्याला डेटाबेसला हवे ते हुकूम देता येतील अशी, गंभीर फट सापडली. पॅच (फट बुजवणारी दुरुस्ती) जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी तो लावला नाही, त्यांनी साइट फोडली गेली आहे असंच समजावं, असं सुरक्षा पथकाने नंतर बजावलं. मार्च २०१८ मध्ये तितकीच गंभीर दुसरी फट निघाली. दोन्ही वेळा ७ ला पॅच मिळाले. सपोर्ट संपल्यावर ही हमी उरत नाही.

धोरणाची चूक प्रकल्पाने ८ मध्येच सुधारायला घेतली होती. सहा-सहा महिन्यांनी छोट्या आवृत्त्या, आणि काढून टाकायच्या कोडला आधी ‘हे जाणार आहे’ असा शिक्का. जून २०२० मधलं ९ म्हणजे शिक्का मारलेला कोड वगळलेलं आणि आत वापरलेल्या कोड-लायब्रऱ्या अद्ययावत केलेलं ८ च होतं. डेटाबेस पुन्हा जागेवरच बदलू लागला. २०२२ चं १० आणि २०२४ चं ११ त्याच वाटेने आले. ७ वाल्यांना मात्र एकदा तरी तो पूर्ण हलवाहलवीचा टप्पा ओलांडावाच लागतो. ज्यांना अजून ते जमलेलं नाही, ते काही कंपन्यांकडून पैसे मोजून पॅच घेतात.