मधल्या नंबरची टीम वर कशी येते, त्याची थोडी जुनी गोष्ट

आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग) सीझन संपला की बेळगावच्या टिळकवाडीत लेले ग्राउंडजवळ चहा घेताना दरवर्षी एकच वाद. अमकी टीम ना वर जाते ना खाली, सात-आठ नंबरला लोळत पडलीय, "एक भारी फॉरेनर स्ट्रायकर आणा की रे, झालं काम". मी पण पूर्वी हेच म्हणायचो. पण ही एक माणूस आणून टीम सुधारायची आयडिया सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिचा रेकॉर्ड काही फार ग्रेट नाही.

१९०५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो खाली घसरायला लागली होती, तर त्यांनी शेजारच्या संडरलँडकडून आल्फ कॉमन नावाचा फॉरवर्ड एक हजार पौंडांना उचलला. चार आकडी किंमत लागलेला हा पहिला प्लेअर, तेव्हा पेपरवाल्यांनी जाम बोंब मारली की माणसं काय विकायची वस्तू आहे का. टीम वाचली हे खरं, पण १८ टीमांत पंधरावी! म्हणजे बुडता बुडता काठाला लागली एवढंच.

आमच्या गल्लीच्या टीमनं पण एकदा हाच उद्योग केलेला. नाईट टूर्नामेंटच्या सेमीसाठी वर्गणी काढून गोव्याहून दोन प्लेअर मागवले, पावसात चोर्ला घाटात त्यांची गाडी अडकली, पोचले ते हाफटाइमला, आणि त्यांच्यासाठी बाहेर बसवलेला आमचा नेहमीचा राईट बॅक रुसून बूट काढून बसलेला. ३-० नं हरलो.

असो. त्या काळी क्लबांना टीम बांधणं एका अर्थानं सोपं होतं कारण प्लेअर बांधलेलाच असायचा. १८९३ पासून इंग्लंडमध्ये नियम असा, की करार संपला तरी जुन्या क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळायचं नाही. वर १९०१ पासून पगाराला मर्यादा, आठवड्याला चार पौंड. ती वाढत वाढत वीसवर आली आणि १९६१ ला एकदाची गेली, मग १९६३ ला जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या प्लेअरच्या केसमध्ये कोर्टानं त्या अडकवून ठेवण्याच्या नियमाचा पण कणा मोडला.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते नॉटिंगहॅम फॉरेस्टचं प्रकरण. ब्रायन क्लफ जानेवारी १९७५ ला मॅनेजर म्हणून आला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनमध्ये तेराव्या नंबरवर, म्हणजे अगदी आपली टपरीवरच्या चर्चेतली टीम. पुढे पीटर शिल्टनसारखा महाग गोली त्यानं घेतला, नाही असं नाही, पण मजा बाकीच्यांत आहे. केनी बर्न्स बर्मिंगहॅमला फॉरवर्ड खेळायचा, तापट म्हणून बदनाम, त्याला आणून सेंटर बॅक केला, पहिल्याच वर्षी तो इंग्लंडचा फुटबॉलर ऑफ द इयर. आणि जॉन रॉबर्टसन तर क्लबातच पडून होता, विकायच्या यादीत नाव, वजन वाढलेलं, त्याला लेफ्ट विंगला ढकलला. १९७८ ला फॉरेस्ट इंग्लंडची चॅम्पियन, १९७९ ला युरोपियन कप (युरोपातल्या चॅम्पियन क्लबांचा), फायनलचा एकमेव गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा, दहा लाख पौंडांवाला म्हणून गाजलेला तो, पण क्रॉस कुणाचा तर रॉबर्टसनचा. परत १९८० च्या फायनलला एकमेव गोल रॉबर्टसनचाच. म्हणजे घरातलाच माणूस, फक्त चुकीच्या जागी उभा केलेला.

मग १५ डिसेंबर १९९५, बॉसमन निकाल. बेल्जियमचा हा प्लेअर, करार संपूनही क्लब त्याला सोडेना म्हणून कोर्टात गेला आणि जिंकला, त्यामुळे युरोपात करार संपला की प्लेअर फुकटात मोकळा. मधल्या टीमांची इथं झोप उडाली, कारण आता चांगला पोरगा वेळेवर विकला नाही तर हातात भोपळा. आपल्याकडे हे अजून पचत नाही, आवडता प्लेअर विकला की शिव्या. खरं तर विकणं हाच अर्धा धंदा झाला.

इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबनं ते सगळ्यात नीट जमवलं. मालक मॅथ्यू बेनहॅम बेटिंगच्या आकडेमोडीतला माणूस, २०१६ ला चक्क पोरं तयार करणारी अकॅडमीच बंद केली (आपल्याकडे असं कुणी केलं तर मोर्चा निघेल). त्यांची एकच नंबर नऊची, म्हणजे मेन स्ट्रायकरची जागा बघा. नील मोपे २०१९ ला ब्रायटनला विकला, नवीन घेण्याऐवजी विंगवरच्या ऑली वॉटकिन्सला मध्ये आणला, जो दोन वर्षांपूर्वी खालच्या डिव्हिजनच्या एक्सेटरकडून आलेला. त्यानं धडाधड गोल मारले तर २०२० ला त्याला पण ॲस्टन व्हिलाला २८ मिलियन पौंडांना विकला आणि पीटरबरोचा आयव्हन टोनी आणला, त्यानं लीगमध्ये ३१ गोल केले. २०२१ ला ७४ वर्षांनी टीम टॉप डिव्हिजनला.

आणि आपल्याकडचं उदाहरण मिझोरमच्या आयझॉल टीमचं, ज्यात गोवा पण येतो. २०१६ ला आयझॉल आय-लीगमधून (तेव्हाची भारताची टॉप लीग) खाली गेलेली, तेवढ्यात साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो या गोव्याच्या क्लबांनी लीग नव्यानं लावण्याच्या प्लॅनवर चिडून नाव काढून घेतलं आणि आयझॉलला परत जागा मिळाली. कोच खालिद जमील मुंबई एफसीतून आलेला, येताना तिथले ओळखीचे पोरगे घेऊन आला, जोडीला सीरियाचा अल अमना आणि मिझो पोरं. २०१७ ला चॅम्पियन!

आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानात सहा फॉरेनर चालायचे, २०१७ ला पाच झाले, २०२१-२२ पासून चार. म्हणजे भारी स्ट्रायकर आणला तरी सात जण इथलेच लागणार. हे परवा टपरीवर सांगितलं तर आमचा एक जण म्हणतो, होय की, पण स्ट्रायकर पाहिजेच.