शीतक वायू : धोके आणि हाताळणी (खानदेश)

शीतक वायू म्हणजे फ्रीज, एसी, शीतगृह यांच्या नळ्यांतून फिरत आतली उष्णता बाहेर नेऊन टाकणारा पदार्थ. बोलण्यात त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. ‘एसीतला गॅस संपला’ ही तक्रार जळगाव-भुसावळकडे उन्हाळा लागला की रोज कानावर येते. वास्तविक बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. गळती न शोधता वरून गॅस भरत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. मेकॅनिकच्या टाकीत हा गॅस दाबाखाली, बहुतांशी द्रवरूपात असतो. पुढचे विवेचन मुख्यतः या टाकीबद्दल आहे.

टाकीतला दाब किती, हे आत किती गॅस उरला यावर नव्हे, तर तापमानावर ठरते. द्रवाचा थोडा अंश शिल्लक असेपर्यंत गेजचा काटा भरलेल्या टाकीइतकाच आकडा दाखवतो. म्हणून जाणता मेकॅनिक गेजवर विसंबत नाही, टाकी वजनकाट्यावर ठेवून वजन पाहतो. २५ अंश सेल्सिअसला आर-२२ चा (‘आर’ आणि आकडा ही शीतकांची ओळखनावे) दाब सुमारे १३५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, ४५ अंशांना तो २३५ च्या घरात जातो. नव्या एसींत सर्रास येणारा आर-३२ याच दोन तापमानांना अंदाजे २३० आणि ३९० दाखवतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ च्या आसपास पोहोचते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते कितीतरी वर जाते, आणि टाकीवर साधारण ५० ते ५२ अंशांच्या वर नेऊ नये अशी सूचना असते. म्हणजे इथे टाकी तापवायला जाळ लागत नाही, दुपार पुरते.

त्यात टाकी काठोकाठ भरलेली असली तर धोका वेगळ्याच जातीचा होतो. आर-२२ चा द्रव २५ वरून ४५ अंशांवर गेला की सातेक टक्के फुगतो. वर वाफेला जागा असेल तर तो सहज सामावतो. नसेल तर द्रव दबत नाही आणि पोलादालाच ताण घ्यावा लागतो. म्हणून टाकी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही. एकदाच वापरायची टाकी पुन्हा भरून घेण्याची काटकसर तर अजिबात करू नये. सावली मिळत नसेल तेव्हा टाकीला ओले गोणपाट गुंडाळण्याची युक्ती इथल्या कोरड्या हवेत चांगली लागू पडते. कूलरची गवताची ताटी ज्या न्यायाने गारवा देते, तोच हा न्याय. उलट डिसेंबरच्या थंडीत गॅस लवकर उतरत नाही म्हणून काही जण टाकीच्या बुडाला ब्लोटॉर्च लावतात. ही सवय जिवावर बेतू शकते. बादलीभर कोमट पाण्यात टाकी उभी केली की काम भागते.

गळालेला द्रव हातावर पडला तर कातडी गोठते, कारण आर-२२ उणे ४१ आणि आर-३२ उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. अशी जखम चोळू नये, शेकू नये. कोमट पाण्याखाली धरावी. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. या वायूंना वास जवळजवळ नसतो आणि ते हवेपेक्षा जड असतात, आर-१३४ए तर साडेतीनपट. तळघरात किंवा खड्ड्यात ते खाली साचून हवा बाजूला सारतात. माणूस वाकतो आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला तसेच धावत आत उतरणारा दुसरा माणूसही पडतो.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, फ्रीजमधला आर-६००ए मात्र सरळ इंधनच. तेव्हा ‘ब्रेझिंग (ज्योतीने नळ्यांचे सांधे जोडणे) करण्याआधी गॅस काढा, खिडक्या उघडा’ हे फक्त पुस्तकी वाक्य नाही. न जळणारे फ्लोरीनयुक्त गॅसही ज्योतीत सापडले की विघटन पावून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी, घसा जाळणारे वायू देतात. गळतीच्या दाबचाचणीला कोरडा नायट्रोजनच वापरावा. ‘जवळ होता म्हणून’ ऑक्सिजन सोडला आणि कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा संबंध आला, तर स्फोट ठरलेला.

बनावट गॅसचा मुद्दा रावेर, सावदा, यावल या केळीपट्ट्याला थेट भिडतो. इथली केळी परदेशी जाते ती १३-१४ अंशांवर ठेवणाऱ्या रीफर कंटेनरमधून, आणि असे कंटेनर पुष्कळदा आर-१३४ए वर चालतात. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रीफर कंटेनरांचे स्फोट होऊन तीन कामगार दगावले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथिल क्लोराइड निघाले होते. ते ॲल्युमिनियमच्या भागांशी संयोग पावून हवा लागताच पेटणारे संयुग बनवते. स्वस्त, पावती नसलेला गॅस घेताना आठवावी अशी ही घटना आहे.

बर्फाचे कारखाने आणि मोठी शीतगृहे बहुधा अमोनियावर चालतात. अमोनियाची वागणूक वेगळी. वायू हवेपेक्षा हलका, पण द्रव एकदम उसळला तर थंड पांढरे धुके जमिनीलगत सरकते. त्याचा उग्र दर्प हीच खरी सूचना; हवेत ३०० पीपीएमला (दहा लाख भागांत ३०० भाग) जीव धोक्यात येतो. तांब्या-पितळेला तो खातो, त्यामुळे नळ्या लोखंडी असतात. पाण्यात तो भरपूर विरघळतो, म्हणून नाकातोंडाला ओला रुमाल लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावे. साचलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी ओतू नये. तो जास्तच वेगाने उकळतो. बारीक गळती हुडकायला गंधकाची काडी पेटवून सांध्याजवळून फिरवतात. जिथे पांढरा धूर उठतो तिथे गळती.

टाक्यांची साठवण, भरणे, वाहतूक यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन) या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. टाकीच्या मानेजवळ ठोकलेली दाबचाचणीची तारीख घेणाऱ्याने स्वतः वाचावी. गंज पुसल्याशिवाय ती दिसत नसेल, तर ती टाकी परत करावी.