पोटातले पित्त, अंगावरचे पित्त

औषधांच्या दुकानात जाऊन 'पित्ताची गोळी द्या' असे सांगितले, की जाणता दुकानदार पुडके काढण्याआधी विचारतो, 'पोटातले की अंगावरचे?' छातीत जळजळ आणि आंबट ढेकर असतील तर तो पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल पुढे करतो. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या असतील तर सेटिरिझिन देतो. या दोन्ही तक्रारींना मराठीत 'पित्त' हाच शब्द आहे. आयुर्वेदात एकीला अम्लपित्त आणि दुसरीला शीतपित्त म्हणतात. गंमत अशी, की यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा जो हिरवट-पिवळा कडू रस शरीरशास्त्रात पित्त म्हणून ओळखला जातो, त्याचा या दोन्ही तक्रारींशी सहसा संबंध नसतो. संबंध असतो तो हिस्टामिन नावाच्या एका लहानशा रेणूचा, आणि तो दोन्हीकडे असतो. भाषेने या दोन दुखण्यांना एका नावाखाली आणले हा निव्वळ योगायोग आहे, त्यात पूर्वजांच्या गूढ ज्ञानाचा पुरावा शोधण्याचे कारण नाही. पण औषधाची गोळी पोटात गेल्यावर नेमके काय करते हे समजून घ्यायला हा योगायोग फार उपयोगी पडतो.

डाळ, दूध, मासे अशा प्रथिनयुक्त अन्नातून मिळणाऱ्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून शरीर हिस्टामिन बनवते. त्वचा, नाक आणि श्वासनलिका यांच्या आवरणात असलेल्या मास्ट पेशी ते दाण्यांच्या रूपात साठवून ठेवतात. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याच्या शरीरावरील परिणामांचे वर्णन १९१० साली केले. एखादे औषध, कोळंबीसारखा पदार्थ किंवा गांधीलमाशीचा डंख यांमुळे मास्ट पेशी चेतवल्या गेल्या, की त्या हिस्टामिन बाहेर सोडतात. मग जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि त्वचा फुगून गांध उठते; मज्जातंतूंची टोके चेतवल्यामुळे खाज सुटते. हेच नाकात घडले तर शिंकांची माळ लागते.

हिस्टामिनचा हा निरोप पेशीपर्यंत पोहोचतो तो तिच्या पृष्ठभागावरील रिसेप्टर नावाच्या प्रथिनामार्फत. हिस्टामिन त्यावर जाऊन बसले, की पेशी कामाला लागते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवण्याची आपल्याकडची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सेटिरिझिनचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही, त्याचे उत्पादनही थांबवत नाही. ती फक्त रिसेप्टरची जागा अडवते आणि हिस्टामिन ताटकळत राहते. म्हणूनच आधी उठलेल्या गांधी गोळी घेताच नाहीशा होत नाहीत, त्यांतला द्रव ओसरायला वेळ लागतो. आणि ज्या पदार्थाचे वावडे आहे तो पुन्हा खाल्ला, तर गोळीचा अंमल उतरल्यावर पित्त पुन्हा उठते.

अशा प्रकारचे पहिले औषध डॅनिएल बोव्हे यांच्या संशोधनातून १९३७ साली पुढे आले. त्यानंतर आलेल्या क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या आजही सर्दीच्या अनेक औषधांत असतात आणि त्या घेतल्यावर डोळे मिटू लागतात. याचे कारण मेंदूत आहे. तेथे हिस्टामिनचे काम माणसाला जागे ठेवण्याचे असते, आणि या जुन्या गोळ्या मेंदूभोवतीचा रक्तवाहिन्यांचा अडसर सहज ओलांडून तेथील जागाही अडवतात. गोळीला नाक आणि मेंदू यांतला फरक कळत नाही. रक्त नेईल तेथे ती जाते. सेटिरिझिन मेंदूत पुष्कळ कमी शिरते, फेक्सोफेनाडिन त्याहूनही कमी. तरीही सेटिरिझिनने काहींना झोप येतेच, त्यामुळे पहिल्यांदा ती गोळी घेऊन रात्री घाट उतरायला गाडी काढू नये.

आता पोटाकडे वळू. जठराच्या भिंतीतील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, आणि ते इतके तीव्र असते की त्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी जास्त असते. या पेशींना आम्ल बनवण्याचा हुकूम देणाऱ्या तीन निरोप्यांपैकी हिस्टामिन हा एक. मग अंगावरच्या पित्ताची गोळी पोटातल्या पित्तावर का चालू नये? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. प्रयोग करून पाहिले तेव्हा त्या गोळ्यांनी आम्ल मुळीच कमी झाले नाही. जेम्स ब्लॅक यांनी त्यावरून तर्क केला, की जठरातील हिस्टामिनचा रिसेप्टर त्वचेतल्याहून निराळ्या घडणीचा असला पाहिजे. इंग्लंडमधील एका औषध कंपनीत १९६४ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिनच्याच रेणूत थोडे थोडे फेरफार करत शेकडो संयुगे तपासली. १९७२ साली दुसऱ्या रिसेप्टरचे अस्तित्व सिद्ध झाले. त्वचेतला एच-१ ठरला आणि जठरातला एच-२. १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आले आणि अल्सरसाठी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण झपाट्याने घटले. रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन ही त्याचीच भावंडे. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. मला हा तर्क औषधशास्त्रातील सर्वांत देखण्या तर्कांपैकी एक वाटतो, कारण त्याचा उगम एका औषधाच्या अपयशात आहे.

हिस्टामिन अडवले तरी इतर दोन निरोपे, म्हणजे ॲसिटिलकोलीन आणि गॅस्ट्रिन, आपापला हुकूम देतच राहतात. त्यामुळे पुढच्या पिढीच्या गोळीने निरोप्यांचा नाद सोडला आणि थेट पंप गाठला. आम्ल बाहेर टाकणारा हा पंप एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो आणि त्याच्या बदल्यात एक पोटॅशियम आयन आत घेतो. १९८८ साली बाजारात आलेले ओमेप्राझोल आणि नंतरचे पँटोप्राझोल हा पंपच कायमचा बंद पाडतात. ही औषधे रक्तातून काही तासांत बहुतांशी नाहीशी होतात, पण बंद पडलेल्या पंपाच्या जागी पेशीला नवा पंप घडवावा लागत असल्याने परिणाम दिवसभर टिकतो. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात तेही उगीच नाही: हे औषध चालू असलेल्या पंपालाच पकडते, आणि पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते जेवण पोटात गेल्यावर. जेवण झाल्यावर जळजळ सुरू झाली म्हणून ही गोळी घेणाऱ्याला ती लागू पडली नाही असे वाटते. त्या क्षणी खरे तर साधे अँटासिड अधिक कामाचे, कारण ते तयार झालेले आम्ल जागच्या जागी निष्प्रभ करते. हे औषध जठरातील आम्लात नासते, म्हणून त्यावर आतड्यात विरघळणारे वेष्टन असते. गोळी कुटून किंवा चावून घेतली तर हे वेष्टनच मोडते.

अल्सरचे मूळ मात्र अनेकदा आम्लात नसतेच. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्याला कारणीभूत असतो. तेव्हा तिखट आणि चिंता यांच्यावरचा बराचसा आळ दूर झाला. अशा रुग्णाला आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या जोडीला साधारण दोन आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात.

दोन्ही पित्तांच्या बाबतीत घरगुती निदान जिवावर बेतू शकते. छातीतले दुखणे घाम, धाप किंवा हातात-जबड्यात कळ घेऊन आले, तर ते हृदयाचे असू शकते आणि पित्ताच्या गोळीची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास अडला किंवा भोवळ आली, तर सेटिरिझिन पुरेसे नाही. तेथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, तेही ताबडतोब.

आपल्याकडे पँटोप्राझोल महिनोन्महिने, कधी कधी कोणी विचारलेलेही नसताना, चालू राहते. आम्ल दीर्घकाळ कमी राहिल्यास अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांची शरीरात कमतरता होऊ शकते. शिवाय आम्ल कमी झालेले पाहून शरीर गॅस्ट्रिन वाढवते, गॅस्ट्रिन जठरातील हिस्टामिन वाढवते, आणि गोळी एकाएकी थांबवली की साचलेला हा सारा जोर एकदम उसळतो. रुग्णाला वाटते, गोळीवाचून आपले भागतच नाही. म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टर अनेकदा हळूहळू कमी करतात.

तीव्र गांधींच्या रुग्णाला काही डॉक्टर सेटिरिझिनच्या जोडीला फॅमोटिडिनही देतात. पोट ठीक असताना पोटाची गोळी कशाला, असा प्रश्न रुग्ण विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर एच-१ च्या बरोबरीने थोडे एच-२ रिसेप्टरही असतात.